सावित्रीबाई फुले आणि परक्यांची लेकरे

महाड व पोलादपूर तालुक्यांतील आमच्या वाचकांस हिरकणीची कथा नव्याने सांगावयास नको. सूर्यास्ताबरोबर रायगडाचे दरवाजे बंद झाले, आणि खाली घरी तान्हे मूल एकटे होते. म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरून गेली, असे परंपरा सांगते. तिच्या नावाचा बुरूज अद्यापि उभा आहे.

ही ओढ केवळ आईच्याच ठायी असते असे नाही. वासरू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभे राहते; मनुष्याच्या मुलास पाऊल टाकावयास सुमारे वर्ष लागते. कोणी जपल्यावाचून ते जगूच शकत नाही. मोठे कपाळ, मोठे डोळे व गुबगुबीत गाल पाहून परक्याच्याही मनात माया उत्पन्न होते, असे ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ ह्यांनी 1943 साली प्रतिपादन केले. असे असता कित्येक अर्भके टाकली का जातात? ह्या प्रश्नाचे उत्तर सावित्रीबाई फुले ह्यांच्या चरित्रात सापडते, असे आम्हांस वाटते.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी नायगाव येथे झाला. 1840 साली त्यांचा विवाह जोतीराव फुले ह्यांच्याशी झाला, व पतीनेच त्यांस अक्षरे शिकविली. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार ह्यांजपाशी त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार लिहितात. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. ह्या कार्यापायी उभयतांस सासऱ्यांचे घर सोडावे लागले.

त्या काळी उच्च म्हटल्या जाणाऱ्या जातींत विधवेस पुनर्विवाह वर्ज्य होता. फसविल्या गेलेल्या एका तरुण ब्राह्मण विधवेने लोकलज्जेस्तव आपले अर्भक मारिले, व तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या मातेस माया नव्हती काय? माया होती; परंतु तिच्यापुढे रायगडाच्या कड्याहून उंच असा निंदेचा कडा होता, आणि तो उतरावयास वाट नव्हती.

ती वाट फुले दांपत्याने करून दिली. 1863 साली त्यांनी आपल्याच घरी बालहत्याप्रतिबंधक गृह उघडिले. विधवांनी येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, आणि मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशा जाहिराती भिंतींवर लाविल्या. 1884 पर्यंत 35 स्त्रिया तेथे येऊन गेल्या. त्यांची शुश्रूषा व मुलांचे संगोपन सावित्रीबाई करीत. त्यांस स्वतःचे मूल नव्हते. 1874 साली तेथेच जन्मलेला एका विधवेचा मुलगा यशवंत ह्यास त्यांनी दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला.

1897 साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. माणसे घरच्यांसही शिवावयास भीत. मुंढवा येथील महारवाड्यातील एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी आपल्या पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आणिला. त्या रोगाने त्यांसही गाठले, व 10 मार्च 1897 रोजी त्या मरण पावल्या.

1897 पासून पुष्कळ काळ लोटला. 2020 च्या ऑगस्टमध्ये महाड येथे पाच मजली इमारत कोसळली, आणि ढिगाऱ्यातून एक लहान मुलगा जिवंत निघाला, तेव्हा जमलेल्या समुदायाने आनंदाने गजर केला. माया आमच्यांत सर्वांच्या ठायी आहे, ह्यात संशय नाही. परंतु ढिगाऱ्यातील मुलासाठी धावणारे आम्ही, आमच्याच आळीतील कुमारी मातेच्या मुलास काय म्हणतो? तिच्या दारावरून जाताना मान फिरवितो काय? वाचकहो, ज्या गावात अशा मातेस भय नाही, त्या गावात एकही मूल टाकले जाणार नाही.