फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि आमची खिळ्यावरची वही

भगिनींनो, या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे मंडळात ठरले, तेव्हा जिजाबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई ही नावे भराभर उचलली गेली. मी मागे बसले होते, माझ्या वाट्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल आल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आपल्या वाचनालयातले त्यांचे चरित्र वाचले आणि नर्सिंग शिकणाऱ्या पुतणीकडून बाईंचे शुश्रूषेवरचे पुस्तक समजून घेतले. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

बाईंचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला, म्हणून तेच नाव ठेवले. घराणे इंग्लंडातले आणि गडगंज श्रीमंत. उन्हाळ्यात राहायचे घर निराळे, एरवीचे निराळे. अशा घरातल्या मुलीने आजाऱ्यांची सेवा करायची म्हणजे त्या काळी घराण्याला बट्टाच. आईचा आणि थोरल्या बहिणीचा कडकडून विरोध होता. तरीही १८५१ साली जर्मनीत कायझर्सवर्थ येथे राहून त्या हे काम शिकल्या आणि १८५३ साली लंडनला हार्ले स्ट्रीटवरच्या एका लहानशा स्त्री-रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्या हाती आली. तिथे त्यांनी आजाऱ्यांच्या घंटांचा आग्रह धरला. घंटा वाजली की तिची झडप उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे उशिरा आलेल्या नर्सलाही कोणी बोलावले ते कळावे. मला ही युक्ती फारच आवडली.

त्यांनी एक घुबड पाळले होते. अथेन्सला पोरांच्या हातून सोडवून आणलेले, एवढेसे, खिशात मावणारे. १८५४ साली क्रिमियाच्या लढाईत जखमी शिपायांचे हाल होत होते. बाईंना तिकडे निघायचे होते. त्या गडबडीत घुबड माळ्यावर राहून गेले आणि मेले. घर माणसांनी आणि नोकरांनी भरलेले. प्रत्येकाला वाटले असेल, दुसरा कोणी पाहत असेल. बाई फार रडल्या म्हणतात. मला मात्र हे वाचून पुढचे पान उलटवेना. त्याचे कारण पुढे सांगते.

३८ बायकांना घेऊन बाई नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. घाण, उंदीर, तुंबलेली गटारे. जखमांपेक्षा जुलाब-तापानेच शिपाई जास्त मरत. रात्री कंदील घेऊन बाई खाटांमधून फिरत, ते चित्र सर्वांनी पाहिलेच आहे. खरा कंदील चित्रातल्यासारखा नव्हता, घड्यांचा तुर्की कंदील होता, आपल्या आकाशकंदिलाच्या जातीचा. पण नुसत्या कंदिलाने माणसे वाचली नाहीत. मार्च १८५५ मध्ये सरकारी मंडळी आली, त्यांनी गटारे साफ केली, हवा खेळती केली, मग मृत्यू कमी झाले. बाईंनी मागाहून स्वतःच आकडे मांडून हे ओळखले. त्यांचा हा खरेपणा मला कंदिलापेक्षा मोठा वाटतो.

१८६० च्या सुमारास त्यांचे शुश्रूषेवरचे पुस्तक निघाले. ते नर्सेससाठी नव्हे, घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या बायकांसाठी लिहिलेले. त्यात एक प्रकरण आहे. आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही कसे होईल, एवढाच त्याचा विषय. कारभार हाती असणे म्हणजे सगळे आपणच करणे नव्हे, तसेच एका कामावर चारजणींना नेमणेही नव्हे. जिचे काम तिने ते केले की नाही हे पाहणे, असे बाईंचे सांगणे.

आता माझी गोष्ट. सासूबाईंना मधुमेह. त्या रुग्णालयातून घरी आल्या तेव्हा रात्री जाऊबाई जागत, दिवसा मी. एका सकाळी जाऊबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी इन्सुलिन दिले आणि दळण आणायला गेले. त्या बाहेर आल्या, इंजेक्शन टेबलावरच दिसले, माझे राहिले असेल समजून त्यांनीही दिले. मी परतले तो सासूबाई घामाने चिंब, हात थरथरताहेत, मला ओळखीनात. साखरपाणी पाजले, रिक्षा केली. वाचल्या. पण त्या रिक्षेत आम्ही दोघी जावा एकमेकींकडे पाहू शकलो नाही. दोघींनीही काळजीपोटीच केले होते.

दुसऱ्या दिवशी खाटेजवळ खिळा ठोकून वही टांगली. काय दिले, किती वाजता दिले, कोणी दिले. जाऊबाईंना लिहिण्याचा कंटाळा, पण त्यांनीही लिहिले.

आणखीही बारकावे बाईंनी सांगितले आहेत. रात्र बरी गेली का, असे विचारून काही कळत नाही. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, ते विचारावे. रात्रीच्या आरंभी दोन-तीन तास झोपून मग जागाच राहिलेल्याला झोपेच्या औषधापेक्षा बहुधा खाण्याची किंवा उबेची गरज असते, रात्रभर तळमळून सकाळी पेंगणाऱ्याची गोष्ट निराळी. हे डॉक्टरांना सांगितलेच नाही तर त्यांनी ठरवावे कसे? दाराशी कुजबुज करू नये, आजारी माणूस कान ताणून दमतो. आपण बाहेर जातो तर केव्हा येणार ते त्याला आधी सांगावे. हे मी कधीच सांगत नसे.

पुतणी सांगते, त्यांच्याकडे ड्यूटी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघी सिस्टर मिळून प्रत्येक खाटेपाशी जातात आणि नोंदी पाहतात. रुग्णासमोर बोलले की विसरलेले तोच आठवून देतो. गर्दीच्या दिवशी ते घाईत उरकते, हेही तीच सांगते.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात बाईंच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. स्वतः बाई मात्र क्रिमियातून आजार घेऊन आल्या होत्या आणि पुढची कित्येक वर्षे अंथरुणावरून पत्रांनीच काम चालवीत. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, तरी इथल्या लष्कराच्या आरोग्याचा १८६३ चा अहवाल त्यांच्याच मेहनतीचा, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या वारल्या. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या देवळात पुरण्याचा मान घरच्यांनी नाकारला. गावच्या देवळाच्या आवारातल्या त्यांच्या दगडावर नावाची दोन अक्षरे आणि दोन तारखा एवढेच कोरले आहे.