खिळे पाडणारा भिसे

पेटंट म्हटलं की आपल्याला एडिसनच आठवतो. पण 1867 साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे आठवतात का? या पठ्ठ्याने चौदाव्या वर्षी घरीच कोळशापासून गॅस काढायचं यंत्र बनवलं! पुढे आपोआप वजन करणाऱ्या यंत्राच्या कल्पनेला लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. दादाभाई नौरोजी पाठीशी उभे राहिले.

मग आला भिसोटाईप, म्हणजे छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारं यंत्र. पेटंट मिळालं, पण भांडवल काही पुरेना. जमशेटजींचे चिरंजीव सर रतन टाटा यांनीही पैसा घातला, तरी यंत्र बाजारात जमलं नाही. पेटंट नक्कल करणाऱ्याला अडवतं, कारखाना काढून देत नाही. शिवाय ज्या देशात घेतलं तिथंच चालतं.

आपल्या जानेफळला वेल्डिंगच्या दुकानात कुणी पेरणीयंत्रात नवी सोय केली, तर ती आधी चारचौघांना दाखवतो. तिथंच घोळ! अर्ज आधी, प्रदर्शन नंतर; मग हक्क अर्जापासून 20 वर्षं.

भिसे शेवटी अमेरिकेत गेले. तिथं नवं टाईपयंत्र काढलं, आयोडीनचं औषधही बनवलं. 1935 साली न्यूयॉर्कमध्येच ते वारले.