तीन काडतुसांचा शिकारी : जिम कॉर्बेट

अजिंठ्याच्या लेण्यांची जगाला नव्याने ओळख झाली ती एका शिकारीमुळे. मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीत आला आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आपले नाव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून गेला. त्या काळी बंदुका ठासणीच्या होत्या. दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची आणि मग नेम धरायचा. पहिला बार फुकट गेला तर दुसरा भरेपर्यंत वाघ थांबत नसे. पुढे मागून काडतूस भरण्याच्या रायफली आल्या, बार झटपट भरता येऊ लागला आणि शिकाऱ्यांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. जंगलात शिरताना खिशात काडतुसे किती ठेवायची? या साध्या प्रश्नाने विसाव्या शतकातील सर्वांत नामांकित शिकाऱ्याला एकदा मृत्यूच्या दारात नेऊन उभे केले होते. तो शिकारी म्हणजे जिम कॉर्बेट.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट नैनितालचे पोस्टमास्तर होते. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन यांच्यावर आला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीत, असा या घराचा क्रम होता. कालाढुंगीच्या जंगलातच जिमचे खरे शिक्षण झाले. पक्ष्यांचे आवाज, हरणांच्या इशारतीच्या हाका, ओल्या मातीतील पंजाचे ठसे हे सारे तो तेथेच वाचायला शिकला.

त्याच्या हाती आलेली पहिली बंदूक ठासणीचीच होती. एका नातलगाने दिलेली ही बंदूक नावाला दुनळी होती, कारण तिची उजवी नळी फाटलेली होती. बंदूक पितळी तारेने बांधलेली होती आणि त्याने डाव्या नळीवर काम भागवले. विधवा आईच्या संसारात दारू आणि छर्रे यांची उधळपट्टी परवडणारी नव्हती. त्यामुळे सावजाच्या पुरेसे जवळ गेल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा धडा त्याला परिस्थितीनेच दिला.

पुढे शाळेच्या छात्रपथकात असताना त्याची नेमबाजी अधिकाऱ्यांच्या नजरेत भरली. वय अवघे दहाच्या आसपास. पथकाच्या सार्जंट मेजरने त्याला लष्करी मार्टिनी रायफल वापरायला दिली आणि हवी तेवढी काडतुसेही देऊ केली. अट दोनच गोष्टींची होती : रायफल स्वच्छ ठेवायची आणि वापरलेल्या काडतुसांची रिकामी टरफले परत करायची. मार्टिनीत एका वेळी एकच काडतूस बसते. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब देण्याची सवय या मुलाला अशी लहानपणीच लागली. आपला पहिला बिबट्या त्याने याच रायफलीने टिपला.

शाळा संपताच कॉर्बेट रेल्वेच्या नोकरीत शिरले. बिहारमधील मोकामा घाटावर गंगेच्या काठी एका गाडीतील माल दुसऱ्या गाडीत चढवण्याचा ठेका त्यांनी घेतला आणि वीस वर्षांहून अधिक काळ तो सांभाळला. शिकार हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय कधीच नव्हता. नरभक्षकाच्या मागावर ते जात ते रजा काढून.

१९०७ मध्ये त्यांना चंपावतच्या वाघिणीसाठी बोलावणे आले. या वाघिणीने नेपाळात दोनशे माणसे मारली होती. तेथून सशस्त्र जमावाने हुसकल्यावर ती कुमाऊंत आली आणि चार वर्षांत तिने आणखी दोनशेहून अधिक बळी घेतले. एकूण आकडा ४३६ वर गेला. गावांची दारे दिवसाही बंद राहत. शेते पिकून उभी होती, पण कापायला कोणी धजत नव्हते. कॉर्बेट यांनी जाण्यापूर्वी सरकारला दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेली बक्षिसे रद्द करावीत आणि इतर शिकाऱ्यांना माघारी बोलवावे. पैशासाठी शिकार करणारा ही ओळख त्यांना नको होती आणि दुसऱ्याच्या चुकीच्या गोळीने मरण्याचीही त्यांची तयारी नव्हती.

चंपावतजवळ वाघिणीने जळण गोळा करणारी एक मुलगी उचलली. दुसऱ्या दिवशी तेथील तहसीलदाराने २९८ गावकरी गोळा करून हाकारा उभा केला. कॉर्बेट दरीच्या तोंडाशी गवतात बसले. हातात .५०० ची दुनळी रायफल होती आणि जवळ काडतुसे होती फक्त तीन. त्यांचा हिशेब सरळ होता. वाघावर दोनपेक्षा अधिक गोळ्या झाडण्याची संधी मिळतेच कोठे? तिसरे काडतूस अडीअडचणीसाठी.

प्रत्यक्षात हा हिशेब सुरुवातीलाच चुकला. वाघीण गवतातून बाहेर पडताच तहसीलदाराने आपल्या बंदुकीचे दोन्ही बार काढले. ती वळून परत गवतात शिरू लागली, तेव्हा कॉर्बेट यांनी घाईत एक गोळी तिच्या मागे सोडली. अडचणीसाठी राखलेले काडतूस खरी अडचण येण्याआधीच संपले होते. लागोपाठ तीन बार ऐकून वाघीण मेली असे वरच्या लोकांना वाटले आणि त्यांनी आनंदाने हवेत बंदुका झाडल्या. त्या आवाजाने बिथरलेली वाघीण ओढा ओलांडून थेट कॉर्बेट यांच्या दिशेने आली. त्यांची पहिली गोळी तिला थोडी मागे लागली, कारण समुद्रसपाटीच्या हिशेबाने जुळवलेली ती रायफल डोंगरात वर मारत असे. दुसरी गोळी खांद्यात बसली. तरीही वाघीण पडली नाही. कान पाडून, दात विचकून ती तीस यार्डांच्या आत उभी राहिली आणि समोर रायफल खांद्याला लावून बसलेल्या माणसाजवळ एकही काडतूस उरले नव्हते.

त्या क्षणी ती धावून आली असती, तर जिम कॉर्बेट हे नाव आज कोणाला ठाऊकही नसते. पण तिने तोंड फिरवले आणि ती पलीकडच्या खडकावर चढली. कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेले, त्याची बंदूक हिसकावून परत आले. वीस फुटांवर वाघीण तोंड उघडून उभी असताना त्यांच्या लक्षात आले की, बंदुकीच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात सुमारे एक सेंटिमीटरची फट आहे. बार उलटा डोळ्यांत येण्याचा धोका होता. तोंडावर धरलेला नेम चुकून गोळी वाघिणीच्या पंजाला लागली. मात्र आधीच्या दोन जखमांनी ती संपत आली होती आणि तेवढ्यानेही ती कोसळली.

वाघीण तपासताना तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. एक निम्मा, दुसरा थेट हाडापर्यंत. ही जुन्या गोळीची जखम होती. कोणा शिकाऱ्याने कधीकाळी निष्काळजीपणे बार काढला आणि जखमी जनावराचा पाठलाग न करता तो घरी गेला. नैसर्गिक सावज मारणे अशक्य झालेली वाघीण माणसांकडे वळली. त्या एका गोळीची किंमत ४३६ जणांनी मोजली. वाघ नरभक्षक होण्यामागे दहापैकी नऊ वेळा जखम आणि एकदा म्हातारपण असते, असे कॉर्बेट यांनी पुढे नोंदवले. जवळ काडतुसे किती आहेत यापेक्षा झाडलेल्या गोळीची जबाबदारी कोण घेतो, हा प्रश्न त्यांना अधिक मोठा वाटू लागला.

काही महिन्यांनी नैनितालच्या दरबारात लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्या तहसीलदाराला एक नवी बंदूक भेट दिली. ती फट लक्षात घेता याहून उचित बक्षीस नव्हते. कॉर्बेट यांना मिळाली .२७५ ची रिग्बी रायफल. तिच्या पेटीत एकापाठोपाठ झाडण्यासाठी अनेक काडतुसे मावत. तरी १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीशी आठ फुटांवर गाठ पडली, तेव्हा डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी असताना त्यांनी एकाच हाताने रायफल हळूहळू फिरवली आणि एका गोळीत काम संपवले. तत्पूर्वी २ मे १९२६ रोजी रुद्रप्रयागचा, १२५ बळी घेणारा बिबट्याही त्यांनी मारला होता. शेवटचा नरभक्षक १९३८ मध्ये ठाक गावी पडला. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.

पहिल्या महायुद्धात ५०० कुमाऊंनी मजुरांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले आणि ४९९ जणांना सुखरूप परत घेऊन आले. हिशेबाची ही शिस्त केवळ काडतुसांपुरती नव्हती. उत्तरायुष्यात त्यांनी रायफलीऐवजी कॅमेरा हाती धरला, वाघांचे चित्रण केले आणि जंगले राखण्यासाठी आवाज उठवला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचे नरभक्षकांवरील पहिले पुस्तक आले आणि ते जगभर वाचले गेले. १९४७ च्या अखेरीस बहीण मॅगी हिच्यासह ते केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचे युग संपवले. आता माणसांच्या जिवाला धोका ठरलेल्या वाघाला मारायचे झाले, तरी मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. प्रत्येक गोळीचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते. डिसेंबर २०१९ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत, सिडकोच्या एन-१ भागात बिबट्या शिरला, तेव्हा वनखात्याने त्याला बेशुद्ध करून जिवंत पकडले. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत आलेला वाघ कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यातील कॅमेऱ्यात दिसला. ज्या डोंगररांगेत १८१९ मध्ये शिकारीची टोळी फिरली, तेथे दोनशे वर्षांनी वाघाचे केवळ छायाचित्र टिपले गेले. चंपावतच्या खडकासमोर रिकाम्या रायफलीनिशी बसलेल्या कॉर्बेट यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात धरलेली वाट हीच होती.