डेंग झियाओपिंग
डेंग झियाओपिंग (२२ ऑगस्ट, १९०४ - १९ फेब्रुवारी, १९९७) हे चिनी साम्यवादी पक्षाचे नेते होते. त्यांचा जन्म सिच्वान प्रांतात झाला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात आणि पुन्हा १९७६ साली ते पदच्युत झाले. माओंच्या मृत्यूनंतर १९७७ साली ते परतले व माओंचे वारसदार ह्वा ग्वोफेंग यांना त्यांनी टप्प्याटप्प्याने बाजूला सारले. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान किंवा पक्षाध्यक्ष यांपैकी एकही पद त्यांनी भूषवले नाही. १९८१ ते १९८९ या काळात पक्षाच्या केंद्रीय लष्करी आयोगाचे अध्यक्षपद मात्र स्वतःकडे ठेवले. त्यांच्या आर्थिक सुधारणांतून शेनझेनसारखी विशेष आर्थिक क्षेत्रे उभी राहिली. १९८९ साली तिआनमेन चौकातील लोकशाहीवादी आंदोलन सैन्यबळाने मोडून काढण्याच्या निर्णयामागेही तेच होते.