प्राध्यापक आंबेडकर आणि साडेचारशे रुपये

दर १४ एप्रिलला ठाण्यापासून कल्याण, उल्हासनगरपर्यंत चौकाचौकांत फलक लागतात. घटनेचे शिल्पकार, महामानव, बोधिसत्त्व, कायदेपंडित, अर्थतज्ज्ञ अशी बिरुदे त्यांवर असतात आणि ती सगळी खरी आहेत. प्राध्यापक हे बिरूद मात्र सहसा दिसत नाही. आपल्या वस्त्यांत मुलगा-मुलगी पदवीधर झाली की एमपीएससी, बँक, आयटी यांची चर्चा होते. मास्तरकीचे नाव निघते ते शेवटी, दुसरे काही जमलेच नाही तर, अशा सुरात. म्हणून बाबासाहेबांच्या आयुष्यातला मास्तर आज जरा वेगळा काढून पाहावा.

मास्तरकी त्यांच्या घरातच होती. वडील रामजी सुभेदार पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये तयार झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महूला १८९१ साली जन्मलेले भीमराव हे त्या मास्तराचे चौदावे अपत्य. गावची शाळा महाराच्या पोराला कोपऱ्यात गोणपाटावर बसवत होती, त्या काळात एक महार सुभेदार शाळा चालवत होता. ही गोष्ट आपल्या भाषणांतून फारशी येत नाही.

दुसरे मास्तर म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर. ते विल्सन हायस्कूलचे शिक्षक आणि भीमराव एल्फिन्स्टनचे विद्यार्थी, म्हणजे वर्गाचा संबंध नाही. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. कुठल्याही पगारपत्रकात न बसणारे हे काम. नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेमागे अनेक कारणे आहेत, पण त्या वाटेवरचे पहिले पुस्तक एका शाळामास्तराने दिले होते.

कोलंबिया आणि लंडनला शिकून भीमराव १९१७ ला परतले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. बडोद्यात नोकरी, तिथे राहायला जागा नाही, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत येऊन शिकवण्या केल्या. शेअर-रोख्यांचा सल्ला देण्याचा धंदा काढला, तर जात कळताच गिऱ्हाइके पळाली. अशा वेळी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून तात्पुरती नेमणूक मिळाली. पगार दरमहा साडेचारशे रुपये.

सुरुवातीला मुलांना वाटले, हा काय शिकवणार? पुढे दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागले. वर्ग जिंकला, पण प्राध्यापकांची खोली जिंकता आली नाही. तिथल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. मानसन्मानासाठी या पेशात यावे, असे म्हणणाऱ्यांनी हा माठ लक्षात ठेवावा.

मग या नोकरीने त्यांना दिले काय? परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या, रमाईंच्या हाती घरखर्चाचे मोजके पैसे, बाकीची बचत. सोळा महिन्यांची ती पुंजी, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजारांचे कर्ज, एवढ्यावर त्यांनी १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे केले. याच सोळा महिन्यांत, जानेवारी १९१९ मध्ये, साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष झाली आणि ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. सरकारी नोकर असल्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे होते. शिकवण्याने त्यांना पैसे दिले आणि वेळ दिला. यालाच मी मास्तरकीची कमाई म्हणतो.

पुढेही हेच दिसते. १९२३ ला बॅरिस्टर होऊन आल्यावर हायकोर्टात अस्पृश्य वकिलाकडे ब्रीफ कोण देणार? घर चालावे म्हणून १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. जिल्हा न्यायाधीशाचे पद चालून आले होते, पुढे हायकोर्टात बसवण्याचे आश्वासनही होते. ते नाकारले. न्यायाधीश झाले असते तर महाडला तळ्यावर कोण गेले असते? जून १९२८ मध्ये शासकीय विधि महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याला सायमन कमिशनपुढे साक्ष आणि इकडे ठाण्याच्या सेशन्स कोर्टात खटला, अशी कोंडी झाल्याची हकिकत धनंजय कीरांनी चरित्रात दिली आहे. त्यांनी न्यायाधीशांची परवानगी घेऊन बचावाचे भाषण आधी केले आणि मग पुणे गाठले. आरोपी बहुतेक सुटले. ठाण्याच्या कोर्टात काम करणाऱ्या आम्हा वकिलांना ही हकिकत पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

२७ मे १९३५ ला रमाई गेल्या. त्यानंतर आठवडाभरातच बाबासाहेब त्याच विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत त्या खुर्चीवर होते. येवल्याची धर्मांतराची घोषणा ऑक्टोबर १९३५ ची, स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ चा, निवडणूक १९३७ ची. म्हणजे हे सारे प्राचार्यपदावर असताना! आज एखाद्या प्राध्यापकाने मोर्चात पाऊल ठेवले तरी संस्थाचालकांची नोटीस येते, त्या पार्श्वभूमीवर हे वाचावे.

शेवटी त्यांनी स्वतःच्याच संस्था काढल्या. जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, जून १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळचे ठेवले. कल्याण-अंबरनाथहून पहाटेची लोकल पकडून सिद्धार्थला जायचे आणि तिथून थेट कचेरीत, असे शिकलेली माणसे आपल्याकडच्या अनेक घरांत आजोबा म्हणून बसलेली आहेत. १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) निघालेल्या कॉलेजला पुढे मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. उत्तर देणाऱ्याचे सोडून प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला देणारा संस्थापक विरळाच.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. आपले गुरू जॉन ड्यूई यांना भेटण्याची ओढ होती, पण १ जूनलाच ड्यूई वारले. आपल्या सगळ्या बौद्धिक जीवनाचे ऋण बाबासाहेबांनी तेव्हा माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्या शिक्षकाच्या नावे मांडले. स्वतंत्र भारताचा पहिला कायदामंत्री राहिलेला माणूस साठीला पोचल्यावर मास्तराचे देणे मानतो, याहून मोठा पगार कुठल्या आयोगाने दिला आहे?

पण पोट केवळ ऋणावर भरत नाही, हे रामजी सुभेदारांच्या मुलाला पक्के ठाऊक होते. म्हणून साडेचारशेचा आकडा महत्त्वाचा. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि पूर्ण वेतनाआधी तीन वर्षे मानधनावर राबण्याची प्रथा पडली. कॉलेजांत तासिका तत्त्वावर तासांचे पैसे मिळतात, सुटीचे नाही. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षिका सही एका आकड्यावर करतात आणि हातात दुसराच आकडा येतो, अशी गाऱ्हाणी डोंबिवली-कल्याणात वकिलांच्या टेबलावर नेहमी येतात. ज्या नोकरीने बाबासाहेबांना मोकळीक दिली, तीच आज कंत्राटी करून शिक्षकाला मिंधा केले जाते आहे. आपल्या मुलींनी डीएड, बीएड करावे असे मला आजही वाटते, पण त्याबरोबर १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदाही वाचावा. कलम ९ खाली बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते आणि त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून फक्त ३० दिवस आहे. कित्येकजणी संस्थाचालकांच्या विनवण्या करण्यात ते दिवस घालवतात आणि एकतिसाव्या दिवशी वकिलाकडे येतात.