थॅडियस स्टीव्हन्स : समतेसाठी झगडणारा लोकप्रतिनिधी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपण अनेकदा करतो. परंतु ती माणसे कोण होती, याचा शोध घेण्याचे सहसा राहून जाते. त्यांपैकी एक अग्रणी म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. त्या सभागृहात सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचा एक गट गुलामांच्या केवळ सुटकेवर समाधान न मानता संपूर्ण नागरी समतेचा आग्रह धरीत होता. इतिहासात हा गट जहाल रिपब्लिकन म्हणून ओळखला जातो. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, चार्ल्स सम्नर आणि कनिष्ठ सभागृहात स्टीव्हन्स हे त्याचे धुरीण होते.

स्टीव्हन्स यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हर्मांट राज्यातील डॅनव्हिल या गावी झाला. जन्मतःच त्यांचा एक पाय अधू होता. वडील घर सोडून गेले. चार मुलांचा भार आई सारा यांच्यावर पडला. शरीराने अधू असलेल्या या मुलाला विद्या हाच आधार आहे हे त्या माउलीने ओळखले आणि पडेल ते कष्ट करून त्याला शिकविले. १८१४ साली डार्टमथ महाविद्यालयातून पदवी घेऊन स्टीव्हन्स पेनसिल्व्हेनियात आले. काही काळ शिक्षकाची नोकरी करीत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि गेटिसबर्ग येथे वकिली सुरू केली.

त्यांच्या चरित्रातील एक काळा प्रसंग झाकून ठेवण्याचे कारण नाही. १८२१ साली त्यांनी एका गुलाममालकाचे वकीलपत्र घेतले. पेनसिल्व्हेनियात सलग सहा महिने राहिलेल्या गुलामाला स्वातंत्र्य मिळत असे. स्वातंत्र्य मागणाऱ्या स्त्रीचे वास्तव्य तुकड्यातुकड्यांचे होते, ते जोडून मोजता येणार नाही, असा युक्तिवाद करून त्यांनी खटला जिंकला. ती स्त्री आणि तिची मुले दास्यातच राहिली. पुढे मात्र हाच वकील पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने न्यायालयात उभा राहू लागला आणि मरेपर्यंत त्या बाजूवरून हटला नाही.

१८३३ साली ते पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात निवडून गेले. पुढच्याच वर्षी तेथे मोफत सार्वजनिक शाळांचा कायदा झाला. त्यापूर्वी गरिबांच्या मुलांना फुकट शिकायचे असेल, तर आईबापांना आपण दरिद्री असल्याचे जाहीर करावे लागे. नव्या कायद्यामुळे करदाते संतापले आणि १८३५ मध्ये तो रद्द करण्याचा ठराव वरिष्ठ सभागृहाने मंजूरही केला. ११ एप्रिल रोजी स्टीव्हन्स बोलावयास उभे राहिले. ज्याने कधी गुन्हा केला नाही तोही तुरुंगासाठी कर देतो. मग अज्ञान घालविणाऱ्या शाळेसाठी का देऊ नये, असा त्यांचा सवाल होता. गरिबीचा शिक्का कपाळावर मारून दिलेले शिक्षण हा मुलाचा अपमान आहे, हेही त्यांनी ठणकावून सांगितले. सभागृहाचे मत पालटले आणि कायदा वाचला. दोनतीन वर्षांनी राज्याची नवी घटना तयार झाली. तिने मताधिकार केवळ गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला. घटना परिषदेचे सदस्य असूनही स्टीव्हन्स यांनी तिच्यावर स्वाक्षरी केली नाही.

१८४९ मध्ये ते प्रथम काँग्रेसमध्ये दाखल झाले. १८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा सभागृहाच्या अर्थविषयक समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. युद्धाचा खर्च उभा करीत असतानाच गुलामांना मुक्त करा, त्यांना सैन्यात घ्या, असा तगादा त्यांनी लिंकन यांच्यामागे लावला. दक्षिणेच्या सैन्याने १८६३ मध्ये त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला, तरी ते डगमगले नाहीत. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती कनिष्ठ सभागृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली.

खरी कसोटी पुढे होती. एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेतील बंडखोरांना सढळ हाताने माफी दिली. तेथील राज्यांनी लगेच कृष्णवर्णीयांना वेठीस धरणारे कायदे केले. कामाचा करार नसलेल्या माणसाला भटका ठरवून पकडावे आणि मळ्यावर राबवावे, असा त्यांचा रोख होता. त्याच राज्यांतून कालचे बंडखोर पुढारी काँग्रेसवर निवडून आले. डिसेंबर १८६५ मध्ये सभागृह भरले. आधी ठरल्याप्रमाणे सभागृहाच्या लिपिकाने हजेरी घेताना दक्षिणेच्या सदस्यांची नावे उच्चारलीच नाहीत. हजेरीपटात नाव नाही, म्हणून सभागृहात आसन नाही! या योजनेमागे स्टीव्हन्स होते. त्यानंतर दोन्ही सभागृहांच्या १५ सदस्यांची संयुक्त समिती नेमून दक्षिणेच्या पुनर्रचनेचा प्रश्न काँग्रेसने आपल्या हाती घेतला.

या समितीतून चौदावी घटनादुरुस्ती आली. अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण, हा तिचा गाभा. तिच्यात कृष्णवर्णीयांना मताधिकाराची हमी नव्हती, हे स्टीव्हन्स यांना सलत होते. तरीही जे आज पदरात पडते ते घ्यावे आणि उरलेल्यासाठी उद्या पुन्हा लढावे, या विचाराने त्यांनी मत दिले. लढा त्यांनी थांबविला नाही. मार्च १८६७ मध्ये अध्यक्षांचा नकाराधिकार झुगारून पुनर्रचनेचा कायदा झाला आणि दक्षिणेतील दहा राज्यांत कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला.

एका लढाईत मात्र ते हरले. बड्या मळेवाल्यांच्या जमिनी जप्त कराव्यात आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावेत, अशी त्यांची योजना होती. पोटासाठी जुन्या मालकाच्याच दारी जावे लागले, तर मताचा कागद फार काळ टिकणार नाही, हे त्यांनी जाणले होते. समान हक्कांना मते देणारे स्वपक्षीय खाजगी मालमत्तेचा प्रश्न येताच मागे सरले. परिणाम इतिहासाने दाखविला. १८७७ पर्यंत पुनर्रचनेचे पर्व संपले. भूमिहीन माणूस वाट्याच्या शेतीत व कर्जात अडकला आणि पुढे त्याचा मताधिकारही हिरावला गेला.

१८६८ मध्ये जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला, तेव्हा आजारी स्टीव्हन्स यांना खुर्चीत बसवून उचलून सभागृहात आणले जाई. सिनेटमध्ये एका मताने दोन तृतीयांश बहुमत हुकले. ११ ऑगस्ट १८६८ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. संसद भवनात ठेवलेल्या त्यांच्या पार्थिवाभोवती कृष्णवर्णीय सैनिकांचा पहारा होता. लँकेस्टर येथील ज्या लहानशा दफनभूमीत वर्णभेद नव्हता, तीच त्यांनी आपल्यासाठी निवडली होती, आणि त्याचे कारण समाधीच्या शिळेवर कोरून ठेवले.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील कायद्याच्या समान संरक्षणाची शब्दयोजना अमेरिकेच्या त्याच चौदाव्या दुरुस्तीशी नाते सांगते. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो इशारा दिला, की राजकीय समतेला सामाजिक व आर्थिक समतेची जोड मिळाली नाही तर लोकशाही धोक्यात येईल, त्याचा अर्थ स्टीव्हन्स यांच्या हरलेल्या लढाईतून अधिक स्पष्ट होतो. कायदेमंडळात संख्येने थोडे असलेले लोक निश्चयाने उभे राहिले तर घटना बदलू शकते. मात्र शेत, शाळा आणि रोजगार यांपर्यंत समता पोहोचली नाही, तर कागदावरचा हक्क एका पिढीतच विरून जातो.

मृत्युपत्रात स्टीव्हन्स यांनी अनाथ मुलांच्या निवासासाठी व शिक्षणासाठी ५०,००० डॉलर ठेवण्याची तरतूद केली. तेथे वर्ण वा वंश पाहिला जाऊ नये. सर्व मुलांनी एकाच पंक्तीत जेवावे, अशी त्यांची अट होती. त्यातून उभी राहिलेली संस्था लँकेस्टरमध्ये आजही तंत्रशिक्षण देते. वसतिगृहाच्या पंक्तीत बसून शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांना येथे पाठविणाऱ्या पालकांना या अटीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. थॅडियस स्टीव्हन्स यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!