चित्रांतून बुद्ध सांगणारा डॉक्टर : ओसामु तेझुका



विहाराच्या स्मरणिकेत फुले, शाहू, आंबेडकर यांची चरित्रं येतात. ती यायलाच पाहिजेत. यंदा मी मात्र जरा दूरच्या माणसाबद्दल लिहायला घेतलं आहे. हा माणूस जपानचा. त्यानं कुठं आंदोलन केलं नाही, भिक्खूही झाला नाही. आयुष्यभर चित्रं काढली. पण तथागतांचं जीवन त्यानं चित्रांतून जगभरच्या लेकरांच्या हातात दिलं आणि ते सांगताना जातीच्या उतरंडीवर बोट ठेवलं. म्हणून त्याचं चरित्र आपल्या घरांत माहीत असावं, असं मला वाटतं.

ओसामु तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी जपानच्या ओसाका शहराजवळ तोयोनाका इथं झाला. बालपण ताकाराझुका या गावी गेलं. वडिलांना सिनेमाचं वेड. घरात फिल्म दाखवायचं यंत्र होतं, त्यावर चार्ली चॅप्लिन आणि डिस्नेची कार्टून पोरं पाहत. आई गोष्टी सांगायची आणि त्या गावच्या प्रसिद्ध नाटक मंडळीचे खेळ दाखवायला न्यायची. आपल्या झाडीपट्टीच्या दंडारीत पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करत, तिथं उलटं होतं. सारी नाटक मंडळी बायांची, राजाही बाई आणि सरदारही बाईच! त्या रंगीत दुनियेची छाप तेझुकांच्या चित्रांवर शेवटपर्यंत राहिली.

शाळेत मात्र हाल. अंगानं किरकोळ, डोळ्यांवर चष्मा, केस कुरळे. पोरं चिडवत, त्रास देत. मग त्यांनी वहीत चित्रकथा काढायला सुरुवात केली आणि चिडवणारी पोरंच त्या वह्या वाचायला मागू लागली. दुसरा नाद किड्यांचा. रानात फिरून भुंगे, फुलपाखरं गोळा करायची, त्यांची हुबेहूब चित्रं काढायची. ओसामुशी नावाचा एक भुंगा असतो, आपल्या नावासारखाच त्याचा उच्चार, म्हणून त्यांनी नावाच्या लेखनात किडा या अर्थाचं अक्षर जोडून घेतलं. मुंगी-किड्यातही जीव पाहणारी ही नजर पुढं फार कामी आली.

मग महायुद्ध आलं. शाळकरी पोरांनाही कारखान्यात जुंपलं गेलं. त्याच काळात त्यांच्या दोन्ही हातांना वाईट संसर्ग झाला. हात कापावे लागतात की काय, अशी पाळी आली होती. एका डॉक्टरनं ते वाचवले. तेव्हाच त्यांच्या मनात डॉक्टर व्हायचं बसलं. जून १९४५ मध्ये ओसाकावर विमानांनी आग ओतली. तेझुका तेव्हा कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर ड्यूटीला होते. ते वाचले, पण जळालेली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढं त्यांनी कुठलीही कथा लिहिली, अगदी पोरांच्या गमतीची लिहिली, तरी युद्ध ही वाईट गोष्ट आहे हे त्यातून निघतंच. त्याचं मूळ इथं आहे.

१९४५ मध्येच त्यांनी ओसाका विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. पण हात चित्रावरून हटेना. जानेवारी १९४६ मध्ये मुलांच्या एका वर्तमानपत्रात त्यांची पहिली चित्रमालिका छापून आली. वय अवघं सतरा वर्षं! १९४७ मध्ये त्यांचं नवं खजिना बेट हे पुस्तक निघालं आणि युद्धानं उपाशी पडलेल्या त्या देशात ते हातोहात खपलं. सिनेमात कॅमेरा जसा जवळ जातो, लांब जातो, वरून पाहतो, तशी चित्रं त्यांनी कागदावर मांडली. चित्रांच्या चौकटी एकामागून एक पळू लागल्या. जपानी भाषेत अशा चित्रकथेला मांगा म्हणतात. आपल्याकडं १९६७ पासून अमर चित्र कथा निघू लागल्या, त्या आपल्यापैकी पुष्कळांनी वाचल्या असतील. मांगा त्याच जातीचा, पण कितीतरी लांबलचक आणि बहुतेक काळ्या-पांढऱ्या रंगात.

डॉक्टर व्हायचं की चित्रकार? आईनं सांगितलं की जे मनापासून आवडतं ते कर. त्यांनी डॉक्टरीचं शिक्षण पुरं केलं, परीक्षा पास केली, १९६१ मध्ये नारा इथल्या वैद्यकीय विद्यापीठातून डॉक्टरेटही मिळवली. पण दवाखाना काही उघडला नाही. १९५१ मध्ये त्यांनी ॲटम नावाचा यंत्रमानव पोरगा जन्माला घातला. यंत्रमानव राबतात आणि माणसं त्यांना हीन लेखतात, ही त्या कथेतली दुखरी नस. १ जानेवारी १९६३ पासून ॲटम जपानच्या टीव्हीवर दिसू लागला. आज आपली पोरं जी जपानी कार्टून पाहतात, त्यांची वाट इथून निघाली.

आता महत्त्वाच्या गोष्टीकडं वळतो. आपल्या बौद्ध साहित्यात विश्वाचं एक मोठं चित्र आहे. मधे सुमेरू पर्वत, भोवती समुद्र आणि द्वीपं, वर देवलोक, खाली नरक. पाली परंपरेत असे एकतीस लोक मोजतात. महायान देशांत देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत आणि नरक अशा सहा गती सांगतात. आणि जग काही एकच नाही. हजार सूर्य, हजार चंद्र, हजार सुमेरू अशा लोकधातूंची गणना अंगुत्तर निकायात आहे. हे चित्र आपल्या मातीतही आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या भिंतीवर, भवचक्राचा उरलेला भाग दिसतो. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकातलं ते काम. वाकाटक म्हणजे आपल्या विदर्भाचेच राजे.

हीच कल्पना चीन, कोरियामार्गे जपानला गेली. नारा शहरातल्या तोदाइ-जी विहारात बुद्धाची प्रचंड मोठी धातूची मूर्ती आहे. तिच्या कमळाच्या पाकळ्यांवर सुमेरू आणि अगणित लोक कोरलेले आहेत. इ.स. ७५२ मध्ये त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूच्या हातून! आपल्या देशात धम्म पुढं पुसला गेला, पण आपल्याच माणसानं रंगवलेले ते डोळे तिकडं उघडे राहिले.

तेझुकांची सर्वांत मोठी चित्रकथा म्हणजे अग्निपक्षी. १९५४ मध्ये ती सुरू केली, १९६७ पासून नव्यानं मांडली आणि मरेपर्यंत ती संपली नाही. तिचा एक भाग याच नारा शहरात आणि याच मूर्तीच्या बांधणीच्या काळात घडतो. गाओ नावाचा एक हात, एक डोळा नसलेला पोरगा. गाव त्याला छळतं, तो दरोडेखोर होतो, खून करतो, एका मूर्तिकाराचा हात जायबंदी करतो. पुढं एका भिक्खूच्या संगतीत तो भुकेली रयत पाहतो आणि त्याच्या हातून मूर्ती घडू लागतात. तिकडं तो मूर्तिकार दरबारात मोठा होतो आणि मनातली करुणा हरवून बसतो. कर्म म्हणजे काय, हे या दोघांच्या आयुष्यातून लेकरालाही समजतं. दुसऱ्या एका भागात अणुयुद्धानं सगळी माणसं मरतात. एकच माणूस अमर होऊन कोट्यवधी वर्षं एकटा उरतो. धुळीच्या कणात विश्व आणि विश्वाच्या बाहेर आणखी विश्व, असं त्याला दिसतं. नवे जीव जन्मतात, शहाणे होतात आणि तेही लढून मरतात. कल्प आणि लोकधातू यांची ती जुनी कल्पना इथं अणुबाँबच्या काळात येऊन उभी राहते.

१९७२ मध्ये त्यांनी बुद्ध ही चित्रमालिका सुरू केली. लगेच १९७३ मध्ये त्यांची कार्टून कंपनी दिवाळखोरीत गेली. लोक म्हणू लागले, तेझुका संपला. पण बुद्धाचं काम थांबलं नाही. १९८३ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षं ते चाललं. जवळपास ३००० पानं झाली. इंग्रजीत २००३ ते २००५ या काळात त्याचे आठ खंड निघाले. नागपूरला शिकणाऱ्या आपल्याच एका पोरानं ते आणले होते. मी राईस मिलचा कामगार, इंग्रजी बेताचंच. पण चित्र अडत नाही. शब्दकोश जवळ घेऊन रात्रपाळी नसेल तेव्हा वाचत गेलो.

या बुद्धचरित्राची सुरुवात राजवाड्यात होत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. सुरुवातीला एक म्हातारा साधू बर्फात पडलेला आहे. अस्वल मासे आणतं, कोल्हा फळं आणतो आणि सशाजवळ काहीच नाही म्हणून तो स्वतः आगीत उडी घेतो. शश जातकातली ही गोष्ट. नंतर येतो चाप्रा, कोसल देशातला गुलाम पोरगा. जात लपवून तो सेनापतीचा मानलेला मुलगा होतो, नाव कमावतो. पण जन्म उघडा पडतो आणि आईसोबत त्याला मरावं लागतं. आणि तत्ता, गावाबाहेरच्या वस्तीतला अस्पृश्य पोरगा. त्याचा जीव जनावरांत शिरू शकतो. माणूस आणि पशू या दोन गतींमधली भिंत त्याला अडवत नाही, पण माणसामाणसांतली भिंत अडवते! सिद्धार्थ जन्मण्याच्या आधीच वाचकाला कळून चुकतं की या जगाला बुद्धाची गरज काहून होती.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. चाप्रा, तत्ता ही पात्रं तेझुकांनी मनानं रचलेली आहेत, ती त्रिपिटकात नाहीत. काही चित्रं अगदी लहान लेकरांसाठी नाहीत, आधी मोठ्यांनी पाहावं. दुसरं असं की विहारात पोरं विचारतात, नरक खरंच असतो का? त्यांनी मोबाईलवर नारुतो पाहिलेला असतो, त्यात याच सहा गतींच्या नावांच्या शक्ती आहेत. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्मा नाकारला आहे आणि आत्म्याचा एका देहातून दुसऱ्या देहात प्रवासही नाकारला आहे. म्हणून पोरांना रागवू नका, त्यांना समजावून सांगा. भुकेला माणूस दुसऱ्याचा घास हिसकतो तेव्हा तो प्रेत, सूडानं जळतो तेव्हा नरकात, दुसऱ्यासाठी झिजतो तेव्हा तो माणूस. या गती मेल्यावरच्या समजण्यापेक्षा मनाच्या समजल्या तर चित्रकथा आपल्याला धम्मापासून तोडत नाही, उलट बोलायला निमित्त देते.

तेझुकांनी आयुष्यात दीड लाखांच्या आसपास पानं काढली, असं सांगतात. पोटाच्या कॅन्सरनं शरीर पोखरलं, तरी दवाखान्याच्या खाटेवर ते काम मागत राहिले. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी वयाच्या ६० व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तेव्हा अग्निपक्षी अपुरीच होती. १९९४ मध्ये ताकाराझुका इथं त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं. २०११ मध्ये त्यांच्या बुद्धावर जपानमध्ये कार्टून सिनेमाही निघाला.

कामठीचं ड्रॅगन पॅलेस आपण सहलीला जाऊन पाहतो. जपानी भगिनीच्या मदतीनं १९९९ मध्ये ते उभं राहिलं. जपानशी आपलं नातं दगड-संगमरवराचं आहे, तसं ते वही-पेन्सिलीचंही व्हावं. चिचगडच्या पोरांच्या हातात चांगली चित्रं काढायची कला आहे. भिंतीवर, पाटीवर ती रोज दिसते. येत्या वर्षावासात बाबासाहेबांचा ग्रंथ वाचला जाईल तेव्हा प्रत्येक भागाचं एक चित्र पोरांनी काढावं, आईबापांनी कोरी वही आणि रंग घेऊन द्यावेत, आणि ती चित्रं विहारात लावावीत. रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण, सुनीत भंग्याची दीक्षा, अंगुलिमालाचं परिवर्तन, हे आपल्या लेकरांच्या हातून उतरलं पाहिजे. किड्यांची चित्रं काढणारा एक चिडवलेला पोरगा एवढं करू शकला, तर आपली लेकरं काहून करणार नाहीत?

नमो बुद्धाय! जय भीम!